मेन क्यूबी (क्वार्टरबॅक, बॉल फेकणारा) जखमी, बॅकअप डावखुरा, टूर्नामेंटला १३ दिवस... ऑफेन्स बदलायचा का तोच रेटायचा?

सेक्टर_एकोणीस | सोमवार, रात्री ११:०८

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही नेरूळला रविवारी सकाळी फ्लॅग फुटबॉल खेळतो, जमलं तर बुधवारी पण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा अमेरिकन फुटबॉलचाच भाऊ, पण टॅकल नाही ब्लॉकिंग नाही, कमरेला दोन पट्टे, पट्टा ओढला की प्ले (एक चाल) संपला, ५ विरुद्ध ५. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हाच आहे, क्रिकेटबरोबरच त्याचा पण नंबर लागला. आम्ही ११ जण, निम्मे ऐरोलीच्या आयटी पार्कातले, दोन कॉलेजची पोरं, एक सीए जो फक्त मार्च सोडून येतो.

आता प्रॉब्लेम. आमचा मेन क्यूबी गुरुवारी ठाणे स्टेशनला पुलावरून १० नंबरवर पनवेल गाडी पकडायला धावत उतरला आणि शेवटच्या तीन पायऱ्या एकदमच उतरला. घोटा गेला. डॉक्टरांनी ६ आठवडे सांगितलेत. टूर्नामेंट खारघरला पुढच्या ते पुढच्या रविवारी, फी भरून झाली, जर्सी छापून आल्या, त्याच्या जर्सीवर नाव पण आहे.

आमचा सगळा ऑफेन्स म्हणजे त्याचा हात. दोन जण सरळ पळत सुटतात, तिसरा मधून कापतो, तो मागे उभा राहून निवांत बघतो आणि ३० यार्डांवर बरोब्बर खांद्यावरून टाकतो. ५० यार्डांच्या मैदानात एवढा हात असला की बाकी काही लागतच नाही. २४ प्लेज आहेत आमच्याकडे पण खरं सांगायचं तर २४ वेगवेगळ्या नावांनी एकच प्ले आहे.

बॅकअप १९ वर्षांचा, डावखुरा. जुईनगरला टेनिस बॉल क्रिकेट खेळून मोठा झालेला. १० यार्डांपर्यंत गोळी टाकतो, हात खालूनच फिरतो, बघायला विचित्र पण लागते. त्यापुढे फेकला की बॉल फुग्यासारखा वर जातो, खाली कोण असेल त्याचा. आणि पोरगा बोलतच नाही. हडलमध्ये (प्लेआधीच्या घोळक्यात) प्ले सांगायचा क्यूबीने, हा चपलेकडे बघतो आणि ३८ वर्षांचे रिसीव्हर (पास झेलणारे) आपापसात ठरवून मोकळे.

काल पहिली प्रॅक्टिस झाली त्याला घेऊन. ११ फेकले, ४ पोचले, ३ समोरच्यांनी पकडले. दोनदा बॉल त्याच्या हातातच आला नाही, सुटला. आमच्याकडे ७ सेकंदांचं घड्याळ असतं, त्यात फेकावाच लागतो, आणि हा प्रत्येक वेळी घाईत.

टीममध्ये दोन पार्ट्या झाल्यात. एक म्हणते प्लेबुक तेच ठेवा, पोरगा शिकेल, दोन वर्षं घासून तयार केलंय. दुसरी म्हणजे मी, मी म्हणतो सगळं फेका आणि नवीन करा. तिसरा एक रिसीव्हर आहे तो म्हणतो मीच क्यूबी होतो. त्याच्याबद्दल इथे काही लिहीत नाही, तो पण हे वाचतो.

कोणी असं केलंय का? १३ दिवसांत काय काय बदलता येतं?

---

घोडबंदर_ट्रॅफिक | सोमवार, रात्री ११:५२

अरे हे म्हणजे एनएफएलमधले (अमेरिकन फुटबॉलची लीग) २०१७ चे फिलाडेल्फिया ईगल्स झाले!!

त्यांचा क्यूबी कार्सन वेंट्झ, त्या सीझनला एमव्हीपीच्या (सर्वोत्तम खेळाडू) रेसमध्ये होता, १० डिसेंबरला रॅम्सविरुद्ध गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि टीम तेव्हा ११-२. मग आला बॅकअप निक फोल्स. पहिली मॅच जायंट्सशी बरी गेली पण नंतर जे काही खेळला ना, रेडर्सना कसंबसं हरवलं आणि शेवटच्या मॅचला काउबॉइजविरुद्ध ११ पैकी ४, ३९ यार्ड, आणि टीम ६-० ने हरली. मी तेव्हा रात्री जागून बघत होतो आणि बायको म्हणाली होती की झोप आता, तुझी टीम गेली. (ती बरोबर असते सहसा, त्या वर्षी नव्हती.)

आता मुद्दा. कोच डग पेडरसन आणि फ्रँक रायक यांनी प्लेऑफमध्ये फोल्सला वेंट्झ बनवायचं सोडून दिलं. वेंट्झ पॉकेटमधून (आपल्या ब्लॉकर्सच्या घेऱ्यातून) निसटून पळत पळत जादू करायचा, तो फोल्सचा खेळ नाहीच. फोल्सला २०१३ मध्ये याच ईगल्सकडून २७ टचडाउन आणि फक्त २ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास) असा सीझन मिळाला होता आणि तेव्हाचा ऑफेन्स भराभर प्लेज खेळण्याचा होता. तर त्यांनी आरपीओ वाढवले. म्हणजे स्नॅप (सेंटरने पायांमधून बॉल मागे क्यूबीला देणं) झाल्यावर क्यूबीने समोरच्या एकाच डिफेंडरकडे बघायचं, तो पुढे धावला तर त्याच्या पाठीमागच्या रिकाम्या जागेत टाक, तो थांबला तर बॉल शेजारच्या रनरच्या पोटात दे. संपलं. चार रिसीव्हर नजरेने मोजत बसायचं नाही. फाल्कन्स १५-१०, मग व्हायकिंग्ज ३८-७ ज्यात फोल्सचे ३५२ यार्ड, मग सुपर बोल (फायनल) ४१-३३, समोर ब्रेडी, आणि एमव्हीपी फोल्स. आपल्याकडे सोमवारी पहाटे ५ ला सुरू झाली होती ती मॅच, ऑफिसला पोट बिघडल्याचा मेसेज मी ४ वाजताच टाकून ठेवला होता.

तुमच्या पोराला एक माणूस बघायला सांग. फक्त एक. फ्लॅगमध्ये हँडऑफ (बॉल हातात देणं) चालतो त्यामुळे आरपीओ आरामात बसतो, फक्त हाफ लाइनच्या (मैदानाची मधली रेघ) आणि एंड झोनच्या (जिथे बॉल नेला की गुण) आधीच्या ५ यार्डांत रन चालत नाही, तिथे वेगळे दोन पास ठेवा.

---

रात्रपाळी_रबाळे | मंगळवार, पहाटे ३:१७

घोडबंदरवाले नेहमीप्रमाणे जिंकलेल्याची गोष्ट घेऊन आले. बॅकअप आला आणि सुपर बोल जिंकला ह्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात, वॉर्नर, ब्रेडी, हॉस्टेटलर. मी हरलेल्यांची सांगतो, त्यातून जास्त कळतं. शिफ्ट संपायला अजून ३ तास आहेत.

२९ नोव्हेंबर २०२०, डेन्व्हर ब्रॉन्कोज. कोविडच्या नियमांमुळे टीमचे सगळेच्या सगळे क्यूबी बाहेर. आदल्या दिवशी कळलं. प्रॅक्टिस स्क्वॉडचा रिसीव्हर केंडल हिंटन, कॉलेजात कधीतरी क्यूबी होता म्हणून त्याला उभा केला. ९ पैकी १ पास, १३ यार्ड, २ इंटरसेप्शन, सेंट्सकडून ३१-३ हरले. पोराची चूक शून्य. एका दिवसात बदलायला तरी काय मिळणार.

आता दुसरी, ही माझी आवडती. १९६५, बाल्टिमोर कोल्ट्स, कोच डॉन शुला. जॉनी युनायटसचा गुडघा गेला, बॅकअप गॅरी क्वोझोचा खांदा गेला. उरला टॉम मॅटी, हाफबॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा. ओहायो स्टेटला कॉलेजात क्यूबी होता पण तिथे फेकण्यापेक्षा पळणंच जास्त. शुलाने काय केलं तर प्लेज छोट्या केल्या आणि मनगटाच्या पट्टीवर लिहून दिल्या. पट्टीवर मावेल तेवढंच प्लेबुक. त्यावर शेवटची लीग मॅच रॅम्सविरुद्ध २०-१७ जिंकले आणि प्लेऑफला ग्रीन बे पॅकर्सला थेट ओव्हरटाइमपर्यंत ओढलं, १३-१० हरले. कोच लोम्बार्डीचे पॅकर्स बरं का, ज्यांनी त्या वर्षी टायटल घेतलं. ती मनगटाची पट्टी नंतर हॉल ऑफ फेममध्ये गेली.

तर २४ प्लेज फेकून नवीन २४ करू नकोस. पट्टीवर किती मावतील ते बघ. माझ्या मते ७. आणि न बोलणाऱ्या पोराला पट्टी म्हणजे वरदान, त्याने फक्त नंबर म्हणायचा. "चार." झालं. सगळ्यांच्या मनगटाला तीच पट्टी, म्हणजे ३८ वर्षांच्या काकांना वाद घालायला जागाच नाही. जुईनगर स्टेशनबाहेर झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशन करून घे, पावसाळा नसला तरी घामाने शाई जाते, अनुभव आहे.

---

कव्हरपॉइंट_कोपरी | मंगळवार, सकाळी ८:४१

मला यातलं ओ की ठो कळत नाही, आरपीओ मला बँकेतलं काहीतरी वाटलं, पण टेनिस क्रिकेट २० वर्षं खेळलोय म्हणून एक सांगतो. जो पोरगा हात खालून फिरवून फेकतो तो पळताना चांगला फेकतो, उभा राहून नाही. पॉइंटला बॉल उचलला की आपण थांबत नाही ना, त्याच पावलात फेकतो. त्याला मागे उभा करून निवांत फेक म्हणाल तर त्याच्या हाताला कळणारच नाही काय करायचं. पळवा त्याला.

आणि लांब फेकला की फुगा होतो कारण टेनिस बॉल हलका, त्याला मनगट पुरतं. हा तुमचा अंडाकृती प्रकार जड आहे. १३ दिवसांत खांद्याने फेकायला शिकवायला जाऊ नका, दोन्ही जाईल, हेही आणि तेही. आमच्या टीमला एका फास्ट बॉलरची ॲक्शन फायनलच्या आठवड्यात "सुधारली" होती एका शहाण्याने, त्यानंतर तो वाइडच टाकत राहिला, आता रिक्षा चालवतो, मस्त चाललंय त्याचं.

---

ऐरोली_शिट्टी | मंगळवार, दुपारी १:२०

मी शाळेत पीटी शिकवते आणि दोन वर्षं मुलींना फ्लॅग शिकवतेय. सगळ्यांनी छान लिहिलंय पण एक प्रश्न कोणीच विचारला नाही.

स्नॅप कोण करतं तुमच्याकडे?

दोनदा बॉल सुटला म्हणालात आणि प्रत्येक थ्रो घाईत म्हणालात. माझ्या अनुभवात या दोन तक्रारी एकत्र आल्या की क्यूबीकडे बघू नये, सेंटरकडे बघावं. तुमचा मेन क्यूबी उजवा. दोन वर्षं त्याला बॉल त्याच्या उजव्या कमरेजवळ जात असणार, कारण तिथूनच त्याचा हात मागे जातो. सेंटरला आता ते पाठ झालेलं असतं, त्याला वाटतं मी सरळ देतोय. डावखुऱ्याला तो बॉल उलट्या बाजूला येतो. तो तिकडून घेणार, अंगावरून डावीकडे आणणार, बोटं शिवणीवर बसवणार, मग मान वर. तेवढ्यात रशर (क्यूबीवर धावून येणारा) आलेला असतो, ७ यार्डांवरूनच तर निघतो तो. मग घाईच होणार.

मोबाइल मागे लावा, स्लो मोशनमध्ये शूट करा आणि फक्त एवढंच बघा की बॉल हातात आला तेव्हा त्याची नजर कुठे होती. बॉलकडे असेल तर सेंटरने रोज ५० स्नॅप, क्यूबीच्या डाव्या खांद्याखाली, बाकी सगळं नंतर.

दुसरं, डावखुऱ्याच्या बॉलची फिरकी उलटी असते. रिसीव्हरच्या हातात येताना शेवटी वेगळ्याच बाजूला झुकतो. एनएफएलमध्ये उजव्या मोंटानानंतर डावखुरा क्यूबी स्टीव्ह यंग आला तेव्हा रिसीव्हर जेरी राइसला सुद्धा सवय करून घ्यावी लागली होती, तुमचे सीए साहेब तर मार्चमध्ये सुट्टीवर असतात. ४ पूर्ण झाले म्हणताय, बाकीच्यातले किती हाताला लागून सुटले ते मोजलंत का? प्रत्येक रिसीव्हरने त्याच्याकडून रोज ४० झेल घ्या, नुसते उभे राहून, पळायची गरज नाही.

तिसरं. त्याला विचारलंत का की तुला काय फेकायला आवडतं? मुलींना मी कागद देते. ज्या प्ले समोर टिक ती राहते. जिच्यासमोर नाही ती मला कितीही आवडली तरी जाते.

---

सेक्टर_एकोणीस | मंगळवार, रात्री १०:३३

ताई, सेंटर मीच आहे.

संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोराला बोलावलं आणि मोबाइल मारुतीच्या वायपरला टेकवून शूट केलं. २० स्नॅप. १७ त्याच्या उजव्या बाजूला. सतरा!! आणि मी प्रत्येक वेळी मनात म्हणत होतो एकदम मधोमध दिला. पोराला विचारलं अरे मग रविवारी बोलला का नाहीस, तर म्हणाला "दादा, मला वाटलं असंच असतं."

च्यायला.

रविवारी घरी येऊन मी बायकोला सांगत होतो की पोराचे हात नरम आहेत. आता ती विचारतेय कोणाचे हात नरम आहेत.

आवडीचं पण विचारलं, कागद दिला. २४ पैकी ५ वर टिक. पाचही अशा की ज्यात तो डावीकडे पळत पळत छोटा फेकतो. कोपरीवाले काका तुम्हाला फुटबॉल कळत नाही हे कृपया परत म्हणू नका. आणि सहावी त्याने स्वतः काढली, ज्यात तो बॉल रनरला देतो, स्वतः बाहेर पळतो आणि रनर परत त्यालाच फेकतो. म्हणाला व्हिडिओत बघितलं. आमच्या क्यूबीला स्नॅप घेऊन स्वतः बॉलसकट लाइन ओलांडता येत नाही, पण हातातून दिला की तो पण रिसीव्हरच की.

---

घोडबंदर_ट्रॅफिक | मंगळवार, रात्री १०:५०

फिली स्पेशल!!! पोरगा फिली स्पेशल मागतोय!! सुपर बोलला चौथ्या डाउनवर (शेवटच्या प्रयत्नात), हाफच्या आधी, बॉल फिरत फिरत ट्रे बर्टनकडे आणि बर्टनने फेकला तो थेट फोल्सला एंड झोनमध्ये. ती प्ले फोल्सनेच साइडलाइनला येऊन पेडरसनला सुचवली होती. बॅकअपने! द्या त्याला ती प्ले. नाही चालली तरी द्या.

रबाळेवाल्यांची पट्टीची आयडिया मान्य आहे, एवढं म्हणून खाली बसतो.

---

खोपट_रशर | बुधवार, सकाळी ७:०५

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. आमच्या टीमला मी रशर आहे, म्हणजे तुमच्या पोराच्या अंगावर धावून जाणारा मीच. मी काय करणार ते सांगतो, फुकटात.

डावखुरा दिसला की मी त्याच्या उजव्या हाताच्या बाजूने येणार. फेकायला उभा राहिला की उजवा खांदा पुढे येतो आणि त्या बाजूला पाठ होते, दिसतच नाही काही. उजव्या क्यूबीला हेच डावीकडून असतं, म्हणून तर एनएफएलमध्ये ती बाजू अडवणाऱ्या लेफ्ट टॅकलला एवढे पैसे. तुमच्याकडे टॅकल नाही ब्लॉक नाही, म्हणजे मी सुसाट.

दुसरं, दोन प्लेनंतर मला कळणार की हा डावीकडेच पळतो. मग मी माझ्या सेफ्टीला (मागे उभा राहणारा डिफेंडर) सांगणार तिकडेच उभा राहा, मैदान अर्धं झालं, २५ यार्ड रुंदीतले १२.

म्हणून एक तरी प्ले उलटी ठेवा. मी उजवीकडून निघालो ना, की मी सोडलेली जागा रिकामी आहे. फ्लॅगमध्ये सेंटर पण रिसीव्हर असतो हे अर्धे डिफेन्सवाले विसरतात. सेंटरने स्नॅप दिला की शांतपणे तिथे चालत जायचं, ५ यार्ड, वळून हात वर. पोराने माझ्या डोक्यावरून नुसता टाकायचा. मला हे एका मॅचमध्ये चार वेळा झालंय आणि चारही वेळा मी जाड्या सेंटरकडे बघितलं सुद्धा नव्हतं. जाड्या म्हणजे तुम्ही असाल असं नाही.

आणि तुम्ही खारघरच्याच टूर्नामेंटला असाल तर हे सगळं मी लिहिलं नाही.

---

रात्रपाळी_रबाळे | बुधवार, पहाटे नाही, सुट्टी आहे, दुपारी १२:३०

खोपटचा सल्ला सोन्याचा आहे. एवढंच जोडतो की घड्याळ वापरा. १९९० च्या सीझनला जायंट्सचा फिल सिम्स जखमी झाला, जेफ हॉस्टेटलर आला, आणि सुपर बोलला बिल्सविरुद्ध त्यांनी ६० मिनिटांतली ४० मिनिटं ३३ सेकंद बॉल स्वतःकडे ठेवला. २०-१९. समोरच्यांचा जिम केली आणि तो भन्नाट ऑफेन्स, त्यांना बॉलच मिळाला नाही. तुमच्या दोन हाफमध्ये घड्याळ चालूच राहतं ना? मग पोराला ४-४ यार्डांचे पास टाकत रमतगमत जाऊ दे. हाफ लाइनपर्यंत ४ डाउन, नंतर परत ४. लांब फेकायची गरज कोणाला आहे? तुमच्या मेन क्यूबीला होती कारण त्याला आवडायचं.

---

सेक्टर_एकोणीस | बुधवार, सकाळचं आता रात्री लिहितोय, ९:४५

आज ६ वाजता प्रॅक्टिस झाली. पट्टी तयार, ७ प्लेज. १ ते ५ पोराच्या टिकवाल्या, ६ त्याची स्पेशल, ७ खोपट स्पेशल म्हणजे मी चालत जायचं. (वजन ९१ आहे, विचारलं नाहीत तरी सांगतो.)

मेन क्यूबी कुबड्या घेऊन आला होता. खुर्ची टाकून बसला. पहिली दहा मिनिटं गप्प, मग म्हणाला हे काय बालवाडीचं प्लेबुक केलंय. मग पोराने १६ मधले ११ पोचवले आणि एक पण पिक (समोरच्यांनी पकडलेला पास) नाही. मग हा परत गप्प. मग म्हणाला पट्टीचा फॉन्ट मोठा करा.

एक गोष्ट अवघड जातेय ती म्हणजे रिसीव्हर. दोन वर्षं लांब पळायची सवय, आता ५ यार्डांवर वळायचं म्हणजे त्यांना अपमान वाटतो. एकाचं तर पाय थांबतच नाहीत, तो वळेपर्यंत बॉल त्याच्या पाठीवर. पोरगा पटकन सोडतो ना, जुन्याच्या निम्म्या वेळात. त्याला सांगितलं की तू पावलं मोज, पाच पावलं आणि वळ, क्यूबीकडे बघू नकोस, बॉल तिथे असेल. तो म्हणाला आणि नसेल तर? मी म्हटलं तर माझ्याकडून स्नॅप चुकला.

आवाजाचं काय करावं? नंबर सांगतो पण इतक्या हळू की शेजारी मॉर्निंग वॉकवाल्या आज्या हसतात त्यात बुडून जातं.

---

ऐरोली_शिट्टी | बुधवार, रात्री १०:१५

आवाज नको. स्नॅप आवाजावर घ्यायचाच कशाला? पाय उचलला की स्नॅप. तुम्ही पायांमधून बघताच आहात. एनएफएलमध्ये परक्या स्टेडियममध्ये कोणाचंच ऐकू येत नाही तेव्हा तेही असलंच काहीतरी करतात. आणि हडलमध्ये नंबर बोटांनी दाखवू दे.

जोश डॉब्जचं बघा, २०२३. मंगळवारी व्हायकिंग्जकडे ट्रेड झाला, रविवारी फाल्कन्सविरुद्ध व्हायकिंग्जचाच क्यूबी जखमी होऊन हा मैदानात. टीममेट्सची नावं नीट माहीत नव्हती त्याला. कोच केव्हिन ओकॉनेल हेडसेटवरून कानात बोलत राहिला, तो पण प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की बंद होतो. ३१-२८ जिंकले. तुमच्या पोराला निदान तुमचं नाव माहीत आहे.

आणि वळायला अपमान वाटणाऱ्या रिसीव्हरना सांगा की टीचर रागावल्यात.

---

सेक्टर_एकोणीस | १२ दिवसांनी, सोमवार, रात्री ८:५०

ज्यांनी डीएममध्ये विचारलं त्यांच्यासाठी.

चार मॅच. पहिली हरलो, १२-१९, त्यात पोराने पहिल्या ड्राइव्हला पिक दिला आणि परत येऊन कोणाशी बोलला नाही, पाणी पण नाही प्यायला. मी काही बोललो नाही, मला समजवता येत नाही. मेन क्यूबी कुबड्यांवर उड्या मारत त्याच्यापर्यंत गेला आणि काहीतरी दोन वाक्यं म्हणाला, काय ते दोघंही सांगत नाहीत.

पुढच्या दोन जिंकलो, १४-६ आणि २०-१९. दुसऱ्या वेळी शेवटची ४ मिनिटं बॉल आम्ही सोडलाच नाही, रबाळे, छोटे छोटे टाकत बसलो आणि समोरचा कोच घड्याळाकडे बघून डोक्याला हात लावत होता. त्या ड्राइव्हमध्ये सात नंबर दोनदा लागला. दोन्ही वेळा माझ्या आसपास चिटपाखरू नव्हतं. एकदा मी झेल घेऊन इतका दचकलो की पळायचंच विसरलो.

सेमीफायनल हरलो. शेवटच्या डाउनला एंड झोनच्या ५ यार्डांच्या आत होतो, रन चालत नव्हता, पोराने बोटं दाखवली, सहा. त्याची स्पेशल. त्यात हँडऑफ आहे, चालणार का यावर रेफरी आणि आमचा सीए यांच्यात वाद, शेवटी रेफरी म्हणाले त्या पट्ट्यात हँडऑफ नको, थेट पासच. मग पोराने परत बोटं दाखवली, दोन. डावीकडे पळाला, फेकला, रिसीव्हरच्या बोटांना लागून बाहेर. उलट्या फिरकीचा होता ताई, शेवटी झुकला. ४० झेल रोज म्हणालेलात, त्या साहेबांनी रोज १० घेतले होते.

(खोपट, तुम्हाला बघितलं मी. निळी जर्सी. आमच्याशी मॅच पडली नाही म्हणून वाचलात.)

आता नवीन भांडण सुरू आहे. घोटा चार आठवड्यांत बरा होईल, मग काय? निम्मे म्हणतात जुनं प्लेबुक परत आणा. पोराला विचारलं तर खांदे उडवतो. मेन क्यूबीला विचारलं तर म्हणाला की आधी सेंटरने ठरवावं कुठल्या बाजूला स्नॅप द्यायचा आहे, कारण आता म्हणे मी उजव्या माणसाला पण डावीकडे देतो. काल पार्किंगमध्ये करून बघितलं, २० पैकी १४.

बुधवारी ६ ला प्रॅक्टिस आहे. मेन क्यूबी साहेब येणार आहेत, बॉलमध्ये हवा भरायला.